बाळंतपणानंतरचा ताप: 'दूध चढलंय' म्हणत आम्ही जवळजवळ एक दिवस घालवला

हिंजवडीचा_प्रवासी
रवि, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. इथं मी एरवी नुसता वाचतो, फार तर मिसळीच्या धाग्यावर भांडतो. आज जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी बायकोची डिलिव्हरी झाली. मुलगी. सतरा तास कळा, मग शेवटी व्हॅक्यूम लावून ओढून काढावं लागलं, टाके पडले, पण कागदावर 'नॉर्मल'. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, देणार नाहीये. फाईलमध्ये बाळाच्या लसींचं पूर्ण वेळापत्रक, आईसाठी लोह, कॅल्शियम आणि 'सातव्या दिवशी दाखवायला या' एवढंच.

मी आयटीवाला. बाळ घरी येण्याआधीच शीट बनवून ठेवली होती. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला पाजलं, शू किती, शी किती आणि कुठल्या रंगाची (हो, रंगाचा ड्रॉपडाऊन होता, हसा).

चौथ्या दिवशी संध्याकाळी हिचं अंग गरम. १००.८. माझी आई आणि सासूबाई यांचं लग्नापासून पहिल्यांदाच एकमत झालं, की दूध चढलंय, होतंच असं. क्रोसिन दिली, ताप उतरला. रात्री दोनला हुडहुडी भरली, ऐन मे महिन्यात तीन चादरी आणि वर माझं जर्किन, दात वाजतायत. परत क्रोसिन. सकाळी ९८.२. म्हणलं सुटलो. पण ही उठेचना. तीन-चारदा जुलाब झाले, त्याचं खापर डिंकाच्या लाडवातल्या तुपावर. मी हॉस्पिटलला फोन केला, रिसेप्शनवरून विचारलं आत्ता ताप आहे का, मी म्हणलं नाही, मग उद्या या म्हणाले, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत.

दुपारी मी हिला विचारलं, बाळाला घेतेस का. ही म्हणाली, "कुठलं बाळ?"

मला वाटलं झोपेत बोलतेय. खरंच तसं वाटलं मला.

वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, रिटायर्ड नर्स. त्या टोपडं-झबलं घेऊन बाळ बघायला आलेल्या. बाळाकडे वळल्याच नाहीत. हिचा हात धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ. चप्पल घालत बसू नकोस." करोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होता, तो लावला तर ऑक्सिजन ९३ आणि नाडी १३८. धायरीतून सिंहगड रोडचा तो रस्ता दुपारी साडेतीनला किती लांब असतो ते मला विचारा.

कॅज्युअल्टीत बीपी ८०/५०. वारेचा (प्लासेंटाचा) एक तुकडा आत राहिला होता, त्यातून गर्भाशयात इन्फेक्शन आणि तिथून रक्तात. सेप्सिस. रात्रीच पिशवी साफ केली. आठ दिवस आयसीयू, त्यातले पहिले तीन दिवस बीपी वर ठेवायची औषधं मशिनने चालू. वाचली.

नंतर एका रात्री मी ती शीट उघडली. त्या पाचव्या दिवशीच्या नोंदी बघितल्या: पाजणं ५, त्यानंतर वरचं दूध ३, शू ७, शी ४, रंग मोहरीसारखा पिवळा. घरातलं जे माणूस मरायला टेकलं होतं त्याची एक ओळ नाही.

तर प्रश्न असा की घरी नक्की बघायचं काय असतं? आणि हे कोणी आधी सांगत का नाही?

———

खडूस_कोथरूड
रवि, रात्री ११:५८

बाकी सगळं नंतर. वहिनी आता कशा आहेत?

———

हिंजवडीचा_प्रवासी
सोम, ००:०५

घरी आहे. जिना चढताना दम लागतो, केस मूठमूठ गळतायत. दूध परत यायला तीन आठवडे गेले, तेही अर्धंमुर्धं. लेक मजेत आहे, रात्री जागवते.

———

सुईण_२_०
सोम, ०६:५०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, काही वर्षं सरकारी नोकरीत, आता पिंपरीत प्रॅक्टिस. ओपीडीच्या आधी जमेल तेवढं लिहिते, टायपो चालवून घ्या.

पहिलं, 'दुधाचा ताप' ही गोष्ट अगदीच खोटी नाहीये, म्हणूनच तर ती घातक आहे. दूध भरतं त्या दोन-चार दिवसांत छाती दगडासारखी होते, अंग थोडं गरम लागतं. पण तो किरकोळ असतो, चोवीस तासांत ओसरतो, त्यात थंडी वाजून दात वाजत नाहीत. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा हुडहुडी भरली, की तो दुधाचा समजायचाच नाही. दुसरं काही नाही हे डॉक्टरने तपासून सांगितल्याशिवाय नाही.

दुसरं, जे सगळ्यात जास्त फसवतं. ताप नसणं म्हणजे ठीक असणं नव्हे. एक तर क्रोसिनने आकडा खाली येतो, आजार तिथेच असतो. आणि सेप्सिस पुढे गेला की काही बायकांचं अंग उलट थंड पडतं, ९६.८ च्या खाली. घरच्यांना वाटतं उतरला. तुमचं झालं तेच.

मग बघायचं काय? नाडी. शांत पडलेली असताना ११०च्या वर आणि उतरत नाही. श्वास, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे, २५ किंवा जास्त म्हणजे धोका (आपले १२ ते २० असतात). लघवी कमी, गडद. वरचं बीपी ९० च्या खाली. आणि बोलण्यात फरक, असंबद्ध, सुस्त, किंवा नुसतं 'मला काहीतरी होतंय'. जुलाब-उलट्यांना पोट बिघडलं म्हणून सोडू नका, गर्भाशयातल्या इन्फेक्शनमध्ये, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूच्या, हे होतं. ओटीपोट दुखणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येणं, हे असलं तर संशय पक्का, पण नसलं म्हणून सुटका नाही.

तरुण बायकांचं शरीर खूप वेळ सावरून धरतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, नाडी आधीच जरा जलद, बीपी जरा खाली, पांढऱ्या पेशी डिलिव्हरीच्या वेळी २० हजारांच्या वर गेल्या तरी ते इन्फेक्शनच असेल असं नाही. त्यामुळे सुरुवातीला आम्हीसुद्धा चकतो. आणि मग बांध फुटावा तसं एकदम कोसळतं.

आत काय झालेलं असतं ते लक्षात घ्या. वार सुटून येते ती जागा म्हणजे गर्भाशयात आतून ताटलीएवढी ओली जखम. वर टाके, व्हॅक्यूम, वारंवार आतून तपासणी, पाणमोट फुटून बराच वेळ गेलेला. जंतूंना दार उघडंच. सीझर झालं असेल तर धोका आणखी जास्त.

पेशंट आली, पुढे लगेच.

———

माईआजी
सोम, ०९:१५

मी ७८ वर्षांची आहे, नातू टाईप करून देतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझ्या मोठ्या जावेला असाच ताप आला होता, १९६३ साल असेल. सासूबाई म्हणाल्या वारा लागला. शेगडी वाढवली, धुरी वाढवली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. अकराव्या दिवशी गेली ती. बाळाला मी माझ्या मुलाबरोबर पाजलं. घरात कोणी कधी त्याबद्दल बोललं नाही, पाचवीला सटवाईने तेवढंच लिहिलं होतं म्हणायचे.

पण सगळंच जुनं वाईट म्हणू नका हं. सोयराचे दहा दिवस बाळंतिणीला कोणी शिवायचं नाही ही रीत होती. आता? चौथ्या दिवशी अख्खी सोसायटी येते बाळ बघायला, सर्दी-खोकला घेऊन, पलंगावर बसतात.

———

सुईण_२_०
सोम, १३:२०

माईआजी, नमस्कार करते तुम्हाला. आणि तुमचं बरोबर आहे, पण अर्धं. न शिवण्याने बाहेरचे जंतू लांब राहत असतील, पण त्या अंधाऱ्या खोलीत तिच्याकडे नीट कोणी बघतही नसे. शिवायचं नाही तर नाडी कोण बघणार. घशाला संसर्ग करणारा स्ट्रेप्टोकॉकस, ग्रुप ए, हाच बाळंतिणीला झोपवणारा एक मुख्य गुन्हेगार आहे. घरात कुणा मुलाचा घसा लाल असेल तर बाळंतिणीने संडासला जायच्या आधीही आणि नंतरही हात धुवायचे, पॅड बदलायच्या आधीसुद्धा. आधी कशाला असं सगळ्या विचारतात. कारण घशातून हाताला, हातातून टाक्याला.

शेगडीबद्दल मी भांडणार नाही. उकाड्यात बंद खोलीत निखारे ठेवून ताप आहे की शेक आहे हेच कळेनासं होतं, एवढंच म्हणते. धूर कोंडतो ते वेगळंच.

———

पाणीपुरी_विदाऊट_पुरी
सोम, १४:०२

हा विषय निघालाय तर हे डिलिव्हरीनंतरच होतं असं नाही हे मला सांगायचंय. मला सातव्या महिन्यात झालं, डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी. उजव्या कुशीत मागे दुखत होतं, सगळे म्हणाले पोटाचं वजन, काल एवढा वेळ बसलीस हिरवी साडी नेसून. लघवीला जळजळ अशी काही नव्हतीच. संध्याकाळी थंडी वाजून १०३. किडनीला सूज, लघवीच्या जंतूंमुळे. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, कळा सुरू होतायत की काय म्हणून मशीन पोटाला, नवरा जमिनीवर सतरंजी टाकून. डॉक्टरांनी नंतर फाईल उघडून दाखवली, तिसऱ्या महिन्यात लघवीची कल्चर टेस्ट (जंतू आहेत का ते बघायची) लिहून दिलेली आणि मी केलेली नव्हती कारण मला काहीच त्रास नव्हता, आठशे रुपये कशाला घाला.

———

सुईण_२_०
सोम, २१:४५

त्रास नसतानाच करायची असते ती. गरोदरपणात लघवीची नळी सैलावते, गर्भाशय उजवीकडे कलतं म्हणून बहुतेक वेळा दुखणं उजवीकडे. लघवीत जंतू आहेत पण त्रास नाही अशा बायकांना औषध दिलं नाही तर शंभरातल्या वीस-तीस जणींना पुढे किडनीपर्यंत जातं. साध्या गोळ्यांच्या कोर्सवर टळतं.

———

खडूस_कोथरूड
सोम, २२:१०

माफ करा पण कोणीतरी बोलायला हवं. हा धागा वाचून उद्या पुण्यातली प्रत्येक गरोदर बाई ऑक्सिमीटर लावून बसेल. डॉक्टर मंडळींना तेच हवंय, अ‍ॅडमिट करा, आयसीयू, पाच लाखाचं बिल. आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं घरात झाली.

———

माईआजी
मंगळ, ०८:३०

झाली. माझ्या सासूबाईंची अकरा झाली. जगली किती ते पण विचारा.

———

डोंगरपायथा
मंगळ, ११:४०

मी मुळशीत गटप्रवर्तक आहे, माझ्या हाताखाली वीसेक आशा सेविका. खडूसदादा, बिलाची भीती खरी आहे, मी रोज बघते. पण सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून डिलिव्हरी, सीझर, औषधं, रक्त, घरी सोडायची गाडी सगळं फुकट आहे, आणि नंतर ४२ दिवसांपर्यंत काही झालं तर तेही त्यातच. १०२ आणि १०८ हे अँब्युलन्सचे दोन्ही नंबर लिहून ठेवा.

आमच्या आशा दवाखान्यात डिलिव्हरी झाली की घरी सहा वेळा जातात. ३, ७, १४, २१, २८, ४२ वा दिवस. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशी पण, म्हणजे सात. फॉर्ममध्ये बाळाचं वजन, तापमान असतंच, पण आईचा ताप, रक्तस्राव, वास, हे पण विचारायचं असतं. सगळ्या नीट विचारतात असं मी म्हणणार नाही. बाळाचं वजन करायला घरच्यांना मजा येते, सगळे गोळा होतात, काट्यावर झोळी टांगली की फोटो. आईला अंगावरून जाण्याबद्दल विचारायचं तर सासरा समोर बसलेला, ती मान हलवून ठीक म्हणते. मी आमच्या पोरींना सांगते की पाणी मागा, आईला आत न्या, आणि आत गेल्यावर विचारा.

आता गंमत बघा. ताम्हिणीकडच्या वाडीवरच्या बाईला सहा भेटी. तुमच्या धायरीच्या टॉवरमध्ये वॉचमन आशाला गेटवरच विचारतो कुठल्या फ्लॅटला, इंटरकॉमवर उत्तर येतं आमचे प्रायव्हेट डॉक्टर आहेत. मग तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत तुमच्याकडे येतं कोण?

———

हिंजवडीचा_प्रवासी
मंगळ, १२:१५

ताई, खरं सांगू? आमच्याकडे आलेली. मीच परत पाठवली. वर्क फ्रॉम होम होतं, कॉलवर होतो.

———

इतिहासवेडा
मंगळ, १५:५०

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात १८४०च्या दशकात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात सूतिकाज्वराने, म्हणजे याच बाळंतपणानंतरच्या तापाने, कितीतरी जास्त बायका मरायच्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बायका पहिल्या वॉर्डात घालू नका म्हणून पाया पडायच्या, काही जणी तर रस्त्यात बाळंत होणं पत्करायच्या, आणि रस्त्यात झालेल्या त्या मानाने वाचायच्या! इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळं तपासलं, हवा, गर्दी, अगदी वॉर्डातून घंटा वाजवत जाणारा पाद्रीसुद्धा. मग १८४७मध्ये त्याचा मित्र कोलेचका शवविच्छेदन करताना बोटाला सुरी लागून गेला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींसारखंच सगळं सापडलं. विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडून त्याच हातांनी बायका तपासत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

लोकांनी आभार मानले? छे. डॉक्टरचे हात घाण असू शकतात हेच पचेना. १८६५मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला, जखम चिघळून, रक्तात विष पसरून. म्हणजे ज्या रोगाशी भांडला जवळपास त्यानेच.

त्याच्याही आधी, १७९५मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने लिहून ठेवलंय की हा ताप डॉक्टर-सुइणी एका बाईकडून दुसरीकडे नेतात आणि मी स्वतःही कित्येक जणींपर्यंत नेला. असं कबूल करायला छाती लागते. त्यालाही गावाने उभं करून घेतलं नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या तेव्हा चौदा वर्षांच्या. अमेरिकेत १८८६ला डॉक्टर झाल्या तेव्हा प्रबंधाचा विषय त्यांनी हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच घेतला होता. वर्षभरात इथं पुण्यात क्षयाने वारल्या.

———

इतिहासवेडा
मंगळ, १५:५१

प्रतिसाद दोनदा पडला, काढून टाकलाय.

———

बेळगावकर_पुण्यात
मंगळ, १७:३०

व्हिएन्ना कशाला, आमच्या बेळगावची सविता हलप्पनवार विसरलात का. आयर्लंडला गॅलवेमध्ये दाताची डॉक्टर, ३१ वर्षांची, १७ आठवड्यांची गरोदर. ऑक्टोबर २०१२. गर्भ टिकणार नाही हे कळलेलं, पिशवी मोकळी करा म्हणून तिने आणि नवऱ्याने मागितलं, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून कायद्यावर बोट ठेवून थांबले. सेप्सिसने २८ तारखेला गेली. आणि नुसता कायदाच नाही हां, नंतरच्या चौकशीत निघालं की अ‍ॅडमिट झाली त्या दिवशीच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्याचा पाठपुरावाच झाला नाही, नाडी-बीपी जेवढ्या वेळा बघायला हवी तेवढ्या वेळा बघितली नाही. २०१८ला त्या देशाने मतदान घेऊन कायदा बदलला. आमच्या गल्लीत तेव्हा सगळे एवढंच म्हणत होते की एवढ्या पुढारलेल्या देशात कसं काय.

———

सुईण_२_०
मंगळ, २२:३०

सविताचं नाव निघालं ते बरं झालं, कारण गर्भपातानंतरचा सेप्सिस लोक यात धरतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये व्याख्या केली त्यात गरोदरपण, बाळंतपण, गर्भपातानंतरचा काळ आणि बाळंतपणानंतरचे दिवस, सगळं येतं. इन्फेक्शनमुळे एखादा अवयव बिघडायला लागला की तो सेप्सिस. मेडिकलमधून गोळ्या आणून घरात गुपचूप घेतलेल्या मुली माझ्याकडे येतात, तुकडे आत राहिलेले, चार दिवस ताप अंगावर काढलेला, कारण घरी सांगायचं कसं. आपल्याकडे कायद्याने गर्भपात करून मिळतो ग बायांनो, डॉक्टरकडे या.

खडूस, तुमच्याशी मी थोडी सहमत आहे. सगळ्यांना आयसीयू नकोच. भारतात २०१९-२१च्या आकड्यांप्रमाणे लाख जिवंत जन्मांमागे ९३ माता जातात, महाराष्ट्रात ३८. म्हणजे बहुतेक बाया धडधाकट घरी जातात. पण जगभरात माता जातात त्यात दहातली साधारण एक इन्फेक्शनने, आणि त्यातल्या बऱ्याच वाचण्यासारख्या असतात. वेळेत लागतं काय? रक्ताचा कल्चर घेणं, तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक, सलाईन, लॅक्टेटची तपासणी (अवयवांना रक्त कमी पडतंय का ते कळायला), आणि जिथून पू येतोय ती जागा साफ करणं. मलावी आणि युगांडात, म्हणजे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांपेक्षा काही फार श्रीमंत नव्हेत अशा ठिकाणी, हात धुणं, वेळेत ओळखणं आणि ठरलेल्या क्रमाने हे उपचार एवढ्यावर जोर दिला तर इन्फेक्शनने होणारे मृत्यू आणि गंभीर आजार मिळून जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. २०२५मध्ये आलंय ते. महागडं मशीन एक नाही त्यात.

———

वाचनमात्र
बुध, ००:२०

डॉक्टर, एक प्रश्न. माझी बहीण आठव्या महिन्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की कळा सुरू झाल्या की अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं तर सेप्सिस होत नाही. घरात आहे पडलेली स्ट्रिप, देऊ का?

———

सुईण_२_०
बुध, ०७:०५

नाही! स्ट्रिप ठेवून द्या.

फॉरवर्डच्या मागे खरा अभ्यास आहे म्हणून नीट सांगते. २०२३ला आला, सात देश, २९ हजारांवर बायका, आपल्याकडचे नागपूर आणि बेळगाव त्यात होते. नॉर्मल डिलिव्हरीची वाट बघणाऱ्या बायकांना कळांमध्ये दोन ग्रॅमचा एकच डोस दिला. सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ वर आले. चांगला फरक आहे. पण तो डोस लेबर रूममध्ये डॉक्टरने द्यायचा, घरच्या अर्ध्या स्ट्रिपने नव्हे. 'होत नाही' हे तर साफ खोटं, २.४चे १.६ झाले, शून्य नाही झालं. शिवाय बाळाला त्याने सेप्सिसपासून काही फायदा दिसला नाही. आणि आपल्याकडे घशाला, पोटाला, कशालाही अ‍ॅझिथ्रो खाऊन जंतू निर्ढावलेत, ते वेगळं रडगाणं.

धागाकर्ते, तुमच्यासाठी एक. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावलेल्या बायकांना सहा तासांच्या आत अँटिबायोटिकचा एक डोस दिला तर इन्फेक्शन १९ टक्क्यांवरून ११ वर येतं असा ब्रिटनमधला २०१९चा अभ्यास आहे. तुमच्या फाईलमध्ये दिला होता का ते बघा. दोष द्यायला नाही, पुढच्या वेळी विचारायला.

———

हिंजवडीचा_प्रवासी
बुध, १०:४०

बघितलं. दिलेला दिसतोय, एंट्री आहे. म्हणजे देऊनही झालं.

———

खडूस_कोथरूड
बुध, १०:५५

मी वर जे लिहिलं त्यातलं बिलाचं मागे घेत नाही. बाकीचं घेतो. वहिनींना सांगा.

———

हिंजवडीचा_प्रवासी
बुध, २३:३०

हे मी नाही, मी त्याची बायको. लॉगिन त्याचंच आहे, तो बाळाला झोपवतोय. पूर्ण धागा आज वाचला.

एक दुरुस्ती. त्याने लिहिलंय चौथ्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं. तसं नाही. मी हॉस्पिटलमध्येच, घरी निघायच्या सकाळी, नर्सला म्हणाले होते की मला बरं वाटत नाहीये. कुठे दुखतंय विचारलं, मला सांगता येईना. दुखत असं कुठेच नव्हतं, आतून काहीतरी घसरतंय असं वाटत होतं. ती म्हणाली पहिलटकरणीला होतं असं. मग गाडीत ह्याला म्हणाले. तो म्हणाला घरी जाऊन झोप काढ. मग आईला म्हणाले. आई म्हणाली बाळाकडे बघ, सगळं विसरशील. त्यानंतर मी सांगायचं बंद केलं. मलाच वाटलं मी नाटकं करतेय, सगळ्या बायका करतात बाळंतपण, मलाच काय सोनं लागलंय.

'कुठलं बाळ' मी म्हणाले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की काकूंचा हात गार होता आणि बरं वाटलं. नंतर कळलं गार माझा होता, त्यांचा नाही.

आयसीयूतून आल्यावर लोक म्हणतात नशीबवान आहेस. आहे. पण लेकीचे पहिले बारा दिवस माझ्याकडे नाहीत, तिची नाळ पडलेली मी बघितली नाही, शीटमध्ये वाचली. रात्री जरा थंडी वाजली तरी मी उठून ऑक्सिमीटर लावते, कधी कधी चार वेळा. हे जातं का हो डॉक्टर?

———

सुईण_२_०
गुरु, ०६:४०

जातं, हळूहळू. दम, केस, विसरभोळेपणा, दचकून उठणं, सेप्सिसमधून आलेल्या पुष्कळ जणांना महिनोन्महिने राहतं, तुम्ही एकट्या नाही आणि नाटकं तर मुळीच नाहीत. ज्यांनी आयसीयूत बघितलं त्यांना एकदा भेटून पहिल्या दिवसापासून काय झालं ते विचारून घ्या, तारखेवार. हरवलेले दिवस थोडे भरून येतात त्याने. रडू फार येत असेल, झोप लागत नसेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा, त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या वेळी गरोदर राहिलात तर पहिल्याच भेटीत हे सगळं सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही.

'बरं वाटत नाहीये, पण कुठे ते सांगता येत नाही'. हे वाक्य आम्ही शिकताना पुस्तकात नव्हतं. आमच्या सिस्टरना उद्या वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

———

माईआजी
गुरु, ०९:०५

बाळ, तुझ्या ह्याला सांग अळीवाची खीर करायला शीक म्हणावं. शीट बनवतो तर खीर काय अवघड आहे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, दुधात नाही.

———

वाचनमात्र
गुरु, २१:१५

बहिणीच्या घरी आज गेलो. स्ट्रिप काढून घेतली. तिच्या सासूबाईंनी विचारलं श्वास कसे मोजायचे, पोट बघायचं का छाती. मी म्हणलं विचारून सांगतो.

———

डोंगरपायथा
गुरु, २१:४०

तिला कळू न देता मोजा, कळलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असा हात धरून ठेवायचा आणि नजर छातीवर ठेवायची, पांघरुणातून छाती दिसत नसेल तर पोटावर. घड्याळाचा काटा एक पूर्ण फेरा. अर्धा मिनिट करून दुप्पट नाही.

———

हिंजवडीचा_प्रवासी
गुरु, २३:५०

शीट ज्यांना हवी असेल त्यांना पाठवतो, व्यक्तिगत निरोप करा. रंगाचा ड्रॉपडाऊन काढलाय. आईची पानं आता पहिली आहेत, बाळाची मागे. अळीव आणलेत, भिजत घातलेत.